भाग १९ : फरशीची वाट आणि पाण्याची वाट (श्रमदानाला जाण्याआधी)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे गाळलेत. काही राहिलेच, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा निरोप आला. "आमच्या ऑफिसातले पंधरा-वीस जण मिळून गावाकडच्या एका अनाथाश्रमात चार दिवस श्रमदान करायचं म्हणतोय. परिसर सुधारायचा आहे. काय काय न्यावं?" मी उत्तर लिहायला बसलो, ते लांबतच गेलं. शेवटी ठरवलं, यावर एक अख्खा भागच करू. कारण काय न्यावं याचं उत्तर सोपं आहे : फावडी, टिकाव, घमेली, हातमोजे, टोप्या. तिथे जाऊन आधी काय करावं आणि काय करू नये, हे कळायला मला मात्र दोन वर्षं लागली. एकदा तर आम्ही 'सुधारणा' केली आणि मुलांच्या जेवणाची ज्वारी भिजवली. तिथूनच सुरुवात करतो.

जागा कोणती?

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या जिल्ह्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जिथे कारखाना असेल तिथे फडावर कोपी घालून राहायचं आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलच्या आसपास परत यायचं. मग शाळेतल्या पोरांचं काय? आजी-आजोबा असतील तर ती गावात राहतात, नाहीतर फडावर जातात आणि शाळा सुटते. ही गळती थांबावी म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली, साखरशाळा निघाल्या, आणि काही माणसांनी स्वतःच्या हिमतीवर संस्था उभ्या केल्या. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन आहे. गेवराईजवळ संतोष गर्जे यांचं सहारा अनाथालय, म्हणजे बालग्राम आहे. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया आहे, तिथे एचआयव्ही असलेली मुलं राहतात. ही नावं तुम्ही ऐकली असतील.

माझी आजची गोष्ट यांच्यापैकी कुणाची नाही. ती एका छोट्या संस्थेची आहे आणि तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण यातली चूक आमची होती आणि नाव त्यांचं निघेल. साठेक मुलं, दोन खोल्यांची रांग, स्वयंपाकघर, त्याला लागून धान्याची कोठी, समोर एकरभर मैदान. मी लहानपणी तिथे दोन हंगाम राहिलोय. आई-बाबा तेव्हा सांगलीकडे फडावर होते. तेव्हा पाऊस आला की आम्ही मैदानातून न जाता खोल्यांच्या भिंतीला धरून जेवायला जायचो, कारण मैदानात चिखल. काळी माती. चप्पल आत रुतली की चप्पल तिथेच आणि पाय बाहेर.

हा चिखल माझ्या डोक्यात पंधरा वर्षं होता. हातात पैसे खेळायला लागल्यावर वाटलं, आपण त्या मुलांना चांगली वाट करून देऊ.

पहिलं वर्ष : फोटो छान आले

आम्ही २२ जण होतो. काही कंपनीतले, काही बीटेकच्या वर्गातले. मे महिना, चार दिवस. यादी पुण्यातच तयार केली होती : फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट, भिंतींना रंग, भिंतीवर चित्रं, आणि जूनमध्ये परत येऊन शंभर झाडं. यादी करताना संस्थेत कुणाला विचारलं? कुणालाच नाही. सरांना फोन करून "आम्ही येतोय" एवढंच सांगितलं. ते बिचारे काय म्हणणार? "या."

वाट सुंदर झाली. मुरूम टाकला, चोपला, वर कच टाकून ब्लॉक बसवले, दोन्ही कडांना सिमेंट भरलं. जमिनीपासून बरोब्बर पाच इंच उंच, चिखल लागायलाच नको म्हणून. तिथे रात्रीची राखण करणारे एक मामा आहेत. पंचवीस-तीस वर्षं तिथेच आहेत, मला लहानपणापासून ओळखतात. ते तिसऱ्या दिवशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाणी वरल्या अंगानं येतंय बरं का. ते कुठून जायचं?" मी म्हटलं, "मामा, बघू, जाईल बाजूनी." ते "बरं" म्हणाले आणि गेले.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी तासाभरात जोरदार पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, खाली एक शब्दही नाही. कोठीत घोटाभर पाणी आणि खालच्या थरातली ज्वारीची पोती भिजलेली. सहा पोती. स्वयंपाकाच्या मावशींनी ती ज्वारी ओसरीत पसरून वाळवायचा प्रयत्न केला, पण पावसाळी हवेत तिला कोंब आले. त्या कोठीत याआधी कधी पाणी शिरलेलं नव्हतं.

नेमकं काय झालं?

आता हे नीट समजून घेऊ, कारण आजच्या भागाचा गाभा हाच आहे.

पावसाचं गणित एकदम सोपं आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर त्या एका मैदानावर २ लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरा, तरी १ लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे १० टँकर, तासाभरात उताराने खाली यायला निघाले. वरच्या टेकडीवरून येणारं पाणी यात धरलेलंच नाही.

आमच्या मैदानाला उत्तरेकडून दक्षिणेकडे उतार आहे. खाली ओढा आहे, पाणी पूर्वीपासून मैदानभर पातळ पसरून ओढ्याला जायचं. चिखल व्हायचा, पण पाणी थांबायचं नाही. आमची वाट पूर्व-पश्चिम, म्हणजे उताराला आडवी. थोडक्यात, आम्ही नकळत ६० फूट लांबीचा बांध घातला होता. वाट पाच इंच उंच, आणि वरच्या बाजूला वाटेच्या टोकाशी असलेल्या कोठीचा उंबरा जमिनीपासून तीन इंच. आता सांगा, पाण्याने काय करावं? पाच इंच चढून वाट ओलांडण्याआधी ते तीन इंचांवरून कोठीत शिरणारच. मामांनी हेच विचारलं होतं, "ते कुठून जायचं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी "बघू" म्हटलं होतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या नोकरीतच शिकवतात. चालू सिस्टीममध्ये एखादा विचित्र कोड दिसला तर तो का आहे हे कळल्याशिवाय काढू नका. त्या मैदानाचा चिखल म्हणजे तसाच कोड होता. तो पाण्याचा रस्ता होता.

जुने लोक काय करायचे?

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो की ही श्रमदान शिबिरांची पद्धत आली कुठून. युरोपात याची सुरुवात १९२० ची मानतात. पहिलं महायुद्ध संपलं होतं. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळ एस्न नावाच्या उद्ध्वस्त गावात स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते, म्हणजे कालचे शत्रू. त्यातून पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना झाली. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल तिथेही पुनर्वसनाच्या कामाला आले. याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण पुढे १९५० च्या दशकात वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात राहिले आणि तिथल्या इमारती बांधायला मदत केली. कुष्ठरोग्यांच्या वस्तीत जायला आपली माणसं घाबरत होती तेव्हाची ही गोष्ट.

मग १९६७ साली बाबांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथला तरुणांची छावणी भरवली. तीच श्रमसंस्कार छावणी. मे महिन्यातल्या उन्हात महाराष्ट्रभरातून पोरं जातात, सकाळी श्रम आणि नंतर व्याख्यानं, चर्चा. त्यानंतर दोनच वर्षांनी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आपण कॉलेजात एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला गेलो ते त्यामुळे.

आणि आपल्या मातीतलं म्हणाल तर गाडगेबाबा. गावात शिरले की आधी खराटा हातात, कीर्तन रात्री. मला पूर्वी वाटायचं, यातला मुद्दा स्वच्छतेचा. आता वाटतं, दिवसभर गाव झाडणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत कळत असणार की पाणी कुठे साठतं, घाण कुठून येते, कुणाच्या दारात कोण जात नाही. रात्री बोलायला उभं राहायच्या आत गाव पायाखालून गेलेलं असायचं.

जवळचं उदाहरण २०१६ चं. पाणी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी तीनच तालुके होते : वरूड, कोरेगाव आणि आमच्या जिल्ह्यातलं अंबाजोगाई. पुढच्या वर्षी ३० झाले. टीव्हीवर आपल्याला दिसलं ते पहाटे फावडी घेऊन निघालेलं गाव. पण स्पर्धेआधी गावोगावच्या निवडक बाया-माणसांना निवासी प्रशिक्षण दिलं होतं. शिवाराचा उतार कसा मोजायचा, माथ्यावर काय करायचं, पायथ्याला काय करायचं. फावडं नंतर. आम्ही पुण्याहून थेट फावडी घेऊनच निघालो होतो.

दुसरं वर्ष : आधी चाललो, मग मोजलं

सरांना तोंड दाखवायला मला दोन महिने लागले. गेलो तेव्हा भिजलेल्या पोत्यांचे पैसे भरून दिले आणि म्हटलं, वाट उखडून देतो. सर म्हणाले, "उखडू नका, मुलांना आवडते. पाण्याचं तेवढं बघा." मग जानेवारीत आम्ही तिघंच गेलो, काम न करता फक्त बघायला. हा 'दिवस शून्य' तुम्ही कधीही चुकवू नका.

पहिल्या तासात मामांबरोबर कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारली. ते बोलत होते, मी कागदावर काढत होतो. कुठल्या भिंतीला दर उन्हाळ्यात चीर पडते, न्हाणीघराचं पाणी कुठे तुंबतं, डास कुठे, साप कुठे निघतो, बोअर कधी आटतो. त्यांना तारखा आठवत नव्हत्या, पण "पोळ्याच्या पावसाला", "मागल्या लक्ष्म्यांना" असं सगळं अचूक आठवत होतं.

मग लेव्हल. यासाठी महागडं काहीच लागत नाही. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी घ्या, दहा मीटर. तिच्यात पाणी भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. दोन टोकं दोन सारख्या काठ्यांना बांधा, काठ्यांवर इंचांच्या खुणा. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी कायम एकाच पातळीत राहतं. म्हणून दोन काठ्यांवरच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. दोन माणसं आणि एक वही घेऊन आम्ही तीन तासांत मैदान मोजलं. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या मैदानात ६० फुटांत १४ इंचांचा उतार निघाला.

बीडजवळची खजाना विहीर शाळेच्या सहलीत आम्ही पाहिली होती. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिचं पाणी जमिनीखालच्या कालव्यातून शेतांपर्यंत जातं ते निव्वळ उताराने, मोट नाही की पंप नाही. त्या लोकांनी मैलभराचा उतार साधला आणि आम्हाला इंजिनिअर असून ६० फुटांचा दिसला नाही. असो.

कामांचा क्रम

मे महिन्यात परत गेलो ते हा क्रम ठरवून.

पहिलं, पावसाच्या पाण्याला रस्ता. वाट तीन ठिकाणी चार-चार फूट उकलली आणि तेच ब्लॉक जमिनीच्या पातळीत, मध्ये किंचित खोलगट असे परत बसवले. पाऊस पडला की तिथून पाणी वाटेवरून वाहतं, एरवी मुलं चालतात. वरच्या अंगाला एक चारी खणली, टेकडीचं पाणी अडवून बाजूने ओढ्याकडे नेणारी. चारीला उतार साधारण १०० फुटांना १ फूट ठेवला. कमी ठेवला तर गाळ बसतो, जास्त ठेवला तर पाणी माती कापत जातं. कोठीचा उंबरा सहा इंचांनी उचलला आणि पोत्यांखाली लाकडी फळ्यांची घडवंची केली.

दुसरं, भिंतींच्या चिरा. पहिल्या वर्षी आम्ही त्यांच्यावर पुट्टी मारून चित्रं काढली होती. सहा महिन्यांत फुलपाखराच्या पंखातून चीर परत वर आली. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पायाजवळची माती वर्षातून एकदा अशी हलली की भिंत चिरणारच. उपाय भिंतीवर नसतो, पायाजवळ असतो : छपराचं पाणी पायात पडू द्यायचं नाही. पन्हळी लावल्या आणि भिंतीलगत तीन फूट रुंद फरसबंदी केली, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. चीर रुंदावते की थांबते हे बघायला तिच्यावर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिली. मोठी आणि वाढती चीर असेल तर मात्र जाणकार स्थापत्य अभियंत्यालाच दाखवा.

तिसरं, सांडपाणी. साठ मुलं, प्रत्येकी २० लिटर धरलं तरी आंघोळीचं रोजचं १,२०० लिटर पाणी. शोषखड्ड्याचा 'नांदेड पॅटर्न' तुम्ही ऐकला असेल, चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा. चांगली कल्पना आहे, पण आधी जमिनीला विचारा. फूटभर खड्डा करा, पाणी भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी परत भरा आणि तासाभरात किती उतरतं ते मोजा. न्हाणीघरामागच्या काळ्या मातीत आमचं पाणी अर्धा इंचही उतरलं नाही. तिथे शोषखड्डा केला असता तर ते डबकं झालं असतं. पलीकडे मुरूम लागला, तिथे चार इंच उतरलं. खड्डा तिथे केला, बोअरपासून ५० फुटांपेक्षा जास्त लांब. वाटेतलं पाणी केळी, कर्दळ आणि अळूच्या वाफ्यातून नेलं. आता मावशींच्या अळूच्या भाजीसाठी गाव मागे लागतं.

चौथं, छपराचं पाणी. खोल्यांचा पत्रा ३० बाय ६० फूट, म्हणजे साधारण १६७ चौरस मीटर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरा. सुमारे १ लाख लिटर होतं. गळती, उडणं वजा करून ८०,००० धरा. उन्हाळ्यात जी संस्था टँकरची वाट बघत बसते, तिच्या डोक्यावरून ८ टँकर पाणी दर पावसाळ्यात वाहून जात होतं. सगळं साठवायला टाकी नाही, म्हणून असलेल्या टाकीला पन्हळ जोडली आणि भरल्यावर वाहणारं पाणी झाडांच्या चरात सोडलं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा नळ ठेवला, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. हे पाणी धुण्याला, भांड्यांना. प्यायला नाही.

पाचवं, झाडं. पहिल्या वर्षीच्या शंभरांपैकी मार्चमध्ये अकरा जिवंत होती. मामांना विचारलं, "किती लावू?" ते म्हणाले, "झाडं लावायला शंभर माणसं येतेत, पाणी घालायला मी एकलाच हाय. वीस लावा." वीस लावली. कडुनिंब, करंज, चिंच, आणि बालाघाटच्या डोंगरात आपोआप येणारं सीताफळ, ज्याला बीडच्या नावाने भौगोलिक मानांकनही मिळालंय. दोन बाय दोन फुटांचे खड्डे, बुडाशी शेणखत, प्रत्येक रोपाशेजारी तळाला छिद्र पाडून वात घातलेलं मडकं, भोवती बोराटीचं कुंपण. दुसरा उन्हाळा सोसून सतरा उभी आहेत.

आणि रंग शेवटी. त्यातही रंग कोणता ते मुलांनी ठरवलं. त्यांनी निवडलेला जांभळा मला अजिबात आवडला नव्हता.

काय करू नये

वायरिंगला हात लावू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. सेप्टिक टँकमध्ये कुणीही उतरायचं नाही, स्वयंसेवक तर नाहीच, पण पैसे देऊन गावातल्या कुणाला उतरवायचंही नाही. आतला वायू दिसत नाही, वास येईपर्यंत माणूस पडतो. २०१३ च्या कायद्याने अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला बंदी आहे. मशीनची गाडी मागवा. जुन्या विहिरीतही उत्साहाने उतरू नका.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. काम सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात. मधल्या वेळात सावलीत बसून वही भरायची.

गवंडीकाम गावातल्या गवंड्याला द्या आणि पूर्ण मजुरी द्या. तुमच्या फुकट कामामुळे त्याचा रोजगार बुडता कामा नये. शिवाय जुलैत काही निखळलं तर तोच येणार आहे, तुम्ही नाही.

आणि पाहुणचाराचा हिशेब करा. २२ माणसं, प्रत्येकी ४० लिटर, चार दिवस म्हणजे ३,५२० लिटर पाणी. टंचाईच्या महिन्यात एका टँकरचा तिसरा हिस्सा आम्हीच संपवला होता, आणि मावशी चार दिवस आमच्यासाठी भाकरी थापत होत्या. दुसऱ्या वर्षी आम्ही बाराच जण गेलो, टँकर आमच्या पैशाने मागवला आणि मावशींना मदतीला गावातल्या दोघी रोजाने घेतल्या.

जाताना काय ठेवून यावं?

एक वही. आमच्या भाषेत डॉक्युमेंटेशन. तिच्यात मैदानाचा हाताने काढलेला नकाशा, पाइप जमिनीखाली कुठून गेलाय, कुठला व्हॉल्व्ह कशाचा, पन्हळ कधी साफ करायची (मृगाच्या आधी एकदा, गणपतीत एकदा), गवंड्याचा आणि नळवाल्याचा नंबर. वहीबरोबर एका पत्र्याच्या डब्यात जास्तीचे वॉशर, कोपरे, टेफ्लॉन टेप, नळाच्या तोट्या. वही मराठीत आणि मोठ्या अक्षरात. मामा वाचत नाहीत, पण सातवीतली एक मुलगी वाचून दाखवते. मागच्या वेळी गेलो तेव्हा तिने वहीत स्वतःची एक ओळ वाढवलेली होती : "तिसऱ्या खोलीच्या पन्हळीत चिमणीचं घरटं आहे, पिल्लं उडेपर्यंत साफ करू नये."

तर ज्या श्रोत्याने विचारलं होतं, त्यांना माझं उत्तर असं : पहिल्या फेरीत नळी, वही आणि दोन माणसं न्या. तिथे जो सगळ्यात जुना माणूस आहे त्याच्याबरोबर चाला आणि तो प्रश्न विचारील तेव्हा "बघू" म्हणू नका. पुण्याहून यादी नेऊ नका. ती तिथून आणा.

कोठीत त्यानंतर पाणी शिरलेलं नाही. गेल्या सप्टेंबरात मोठा पाऊस झाला तेव्हा मी रात्री अकराला न राहवून फोन केला. मामा म्हणाले, "जायलंय पानी. झोपा तुम्ही." मैदानात चिखल मात्र अजून होतो, चप्पल अजून रुतते. त्याचं काय करायचं ते मुरमाच्या दोन ट्रिपांवर अडलंय, दिवाळीनंतर बघणार आहोत.

तुम्ही कुठे श्रमदान केलं असेल आणि काही फसलं असेल तर जरूर कळवा. जमलेल्या गोष्टी सगळेच सांगतात, फसलेल्यांचा एक वेगळा भाग करू. पुढच्या वेळी बोअरच्या पुनर्भरणावर बोलणार आहे, खूप जणांनी विचारलंय. तोवर काळजी घ्या, आणि पावसाळ्याआधी आपापल्या पन्हळी साफ करा.